अंगठेबहाद्दर व्हायचंय!

"काका, सा. न. वि. वि. मी सांगलीला मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. वय २६. तीन वर्षं जिमला जातोय, मनगटाला पट्टे बांधून १२० किलोची डेडलिफ्ट मारतो, म्हणजे वजनाची दांडी जमिनीवरून उचलतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्या जिमच्या १०-१० किलोच्या दोन प्लेटा टेम्पोवाल्यानं चुकून दुकानासमोर उतरवल्या. आमचे हमाल मामा, वय पंचावन्नच्या पुढं, त्यांनी दोन्ही एकमेकींना चिकटवून एका हाताच्या चिमटीत धरल्या आणि गप्पा मारत आत आणून ठेवल्या. मी म्हटलं, त्यात काय! व्हिडिओत दाखवतात तशा गुळगुळीत बाजू बाहेर करून धरल्या, तर जमीन सोडेनात. दुसऱ्यांदा वीतभर उचलल्या आणि सुटल्या, पाय थोडक्यात वाचला. सगळं दुकान हसलं. मामा म्हणाले, 'आम्ही अंगठेबहाद्दर, दिवाणजी. तुमचं सहीवर भागतंय.' त्याच दिवशी स्प्रिंगचा ग्रिपर घेतला. रोज शंभर वेळा दाबतो. प्लेटांचं मात्र काहीच होत नाही. घरच्या घरी अंगठ्याची ताकद वाढवता येते का? बदाम तेलाच्या मालिशचा उपयोग होतो का? आणि किती दिवस लागतील?
– उलट्या अर्थाचा अंगठेबहाद्दर, सांगली"

काका म्हटलं आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

पत्र वाचून हसलो, पण तुझ्यावर नाही. ग्रिपर दाबणाऱ्या निम्म्या सांगली-साताऱ्याची हीच गत आहे. आत्ता तो ग्रिपर हातात घे आणि सावकाश दाब. काय हलतंय ते बघ. चार बोटं आत येतात, एक दांडी ओढून तळहाताकडं आणतात. दुसरी दांडी अंगठ्याच्या बुडाशी टेकून बसलेली असते आणि अंगठा स्वतः बाजूला नुसता उभा असतो, लग्नात आहेर लिहायला बसवलेल्या पाहुण्यासारखा. म्हणजे दोन महिने तू चार बोटांची तालीम घेतलीस. बोटं तयार झाली असतील, त्याबद्दल शंका नाही. प्लेटा सुटल्या त्या अंगठ्याच्या बाजूनं.

डेडलिफ्टचं तेच. बारची जाडी इंचभरापेक्षा थोडी जास्त. बोटं पूर्ण वळतात, अंगठा त्यांच्यावर कुलपासारखा बसतो, आणि तू तर वर मनगटाचे पट्टे बारला गुंडाळतोस, म्हणजे कुलपाचीही गरज उरली नाही. सपाट, रुंद वस्तू धरली की बोटांना वळायला जागाच मिळत नाही. एका बाजूला चार जणी आणि समोर एकटा अंगठा. त्या चौघी कितीही दणकट असोत, चिमटीत वजन टिकणार ते अंगठा जेवढं दाबेल तेवढंच.

हा फरक केवढा असतो बघ. १९८५ साली अमेरिकेत शेकडो निरोगी माणसांच्या हाताची ताकद मोजली होती. पंचविशीतल्या पुरुषांची मूठ सरासरी ५५ किलोच्या आसपास भरली आणि किल्ली धरतो तशी चिमटी १२ किलोच्या आसपास. आपल्याकडचे आकडे थोडे इकडंतिकडं होतील, पण चार-पाच पटींचं अंतर राहणारच. तेव्हा प्लेटा सुटल्या यात तुझं काही जगावेगळं झालेलं नाही.

आता तू हिशेबाचा माणूस, म्हणून थोडा हिशेब मांडतो. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नकोस, कारण पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं यावर उभं आहे.

चिमटीतली वस्तू खालून कशावर टेकलेली नसते. ती केवळ घर्षणावर लटकते. दोन बाजू, दोन्हीकडून घर्षण. कातडी आणि कोरडं लाकूड यांचं घर्षण दाबाच्या साधारण निम्मं धर. म्हणजे २० किलो तोलायला अंगठ्यानं एका बाजूनं २० किलो दाबायचं आणि समोरून बोटांनीही तेवढंच. हात घामेजलेला असेल, पृष्ठभाग गुळगुळीत लोखंडाचा असेल, तर घर्षण कमी आणि दाब त्याहून जास्त. वजन तेवढंच, खर्च दुप्पट.

दुसरी रक्कम याहून मोठी आहे. अडकित्ता आठव. सुपारी बिजागरीजवळ ठेवतो आणि दाबतो टोकाकडून, म्हणून हाताचा थोडा जोर सुपारीवर कितीतरी पट होऊन पडतो. अंगठा हा उलटा अडकित्ता आहे. वजन टोकाला आणि जोर लावणारे स्नायू बिजागरीला खेटून. त्यामुळं टोकाशी थोडं वजन पेलायचं तर बुडाशी स्नायूंना कितीतरी पट ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ मनगटाजवळच्या सांध्यावर येऊन आदळते. या सांध्याला खोगीर सांधा म्हणतात, कारण दोन्ही हाडं घोड्याच्या खोगिरासारखी एकमेकांवर बसलेली असतात. अंगठा इतक्या दिशांना फिरतो तो त्याच्यामुळं, आणि उतारवयात लवकर झिजणाऱ्या सांध्यांत त्याचा नंबर लागतो तोही त्याच्यामुळं. १९७७ साली दोन अमेरिकी संशोधकांनी याचं गणित मांडलं. चिमटीच्या टोकाशी १ किलो दाब असेल, तर या सांध्यावर साधारण १२ किलो पडतात.

आता तुझ्या दोन प्लेटांचा गुणाकार तूच कर. उत्तर आलं की एकदा आपल्या अंगठ्याच्या बुडाकडं बघ, सुपारीएवढा तर सांधा आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. तिशीत असताना घराच्या गच्चीवर कठड्याचं काम चाललं होतं. मला सुचलं की विटा पाटीतून न नेता चिमटीत धरून न्याव्यात, व्यायामही होईल आणि गवंड्यासमोर शानही. पहिल्या आठवड्यात एका हातात एक, दुसऱ्या आठवड्यात दोन विटा जोडून. रोज संध्याकाळी, एक दिवस सुट्टी नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या बाजूनं मनगट असं दुखायला लागलं की कुलपात किल्ली फिरेना, शर्टाचं बटण बायकोनं लावायचं. एका मालिशवाल्याकडं गेलो. त्यानं दुखतं तिथंच अंगठा रोवून रगडलं, आणि जे महिन्यात बरं झालं असतं त्याला चार महिने लागले. अंगठ्याच्या शिरा, म्हणजे कंडरा, मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या तिथं सुजल्या होत्या. सुजलेल्या बोगद्यावर कोणी रोलर फिरवतं का?

म्हणून तुझ्या मालिशच्या प्रश्नाचं उत्तर इथंच उरकतो. तेल कोणतंही असो, त्यानं ताकद वाढत नाही. हात शेकल्यासारखा वाटतो, बरं वाटतं, झोपताना लाव. व्यायामाआधी मात्र थेंबही नको, घर्षणाचा हिशेब आत्ताच झालाय. टाल्कम पावडरही नको. कॅरमवर पावडर टाकतो ती सोंगट्या सरकाव्यात म्हणून. पैलवान आखाड्यात एकमेकांच्या अंगाला लाल माती लावतात ती याच्या उलट, घामानं पकड निसटू नये म्हणून. तुमच्या जिममध्ये मॅग्नेशियमचा खडू असेल तर चिमूटभर घे, नाहीतर हात साबणानं धुऊन खडखडीत कोरडे कर. सांगलीच्या मे महिन्यात तेवढ्यानं भागणार नाही, तेव्हा पहाटे कर.

आता साहित्य. प्लेटा विकत घेऊ नकोस. त्यांचं वजन मोठ्या उड्यांनी वाढतं आणि अंगठ्याला उड्या मानवत नाहीत.

वखारीतून दोन इंच जाडीचा, चार इंच रुंदीचा आणि वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा आण. फुकट मिळतो. पॉलिश पेपरनं कुसळं निघतील एवढाच घास, आरशासारखा करू नकोस. वरच्या कडेपासून दीड-दोन इंच खाली, मधोमध आरपार भोक पाडून नायलॉनची दोरी ओव आणि खाली रंगाची रिकामी बादली टांग, २० लिटरची. ठोकळ्याची दोन इंच जाडी चिमटीत यायला हवी, अंगठा एका अंगाला, चार बोटं दुसऱ्या अंगाला, आणि बोटांची टोकं भोकाच्या वर राहायला हवीत. बादली, दोरी, ठोकळा हे सगळं एकदा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन लिहून घे. तुला काट्याची काय कमी! पुढचं सोपं आहे, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, पाव लिटरचा पेला म्हणजे पाव किलो. लाखभर रुपयांच्या जिममध्येही पाव किलोची प्लेट सहसा नसते. पाणी हिंदकळून फरशी भिजते म्हणून घरात ओरडा बसला तर वाळू भर, पण मग प्रत्येक वेळी काटा लागेल.

धरण्याची तऱ्हा महत्त्वाची आहे, आणि ती लिहून सांगणं जरा अवघड आहे. काचेचा चहाचा ग्लास वरून उचलताना अंगठा कसा किंचित वाकलेला, कमानीसारखा असतो? तस्साच ठेवायचा. पुष्कळांचा अंगठा जोर लावला की मधल्या सांध्यात उलटा वाकतो, टोक बाहेर आणि मध्य आत. असं झालं की स्नायूंचं काम संपलं आणि सगळा भार सांध्याच्या बंधांवर गेला. वजन कमी कर, पण कमान मोडू देऊ नकोस. अंगठ्याचं टोक समोरच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये यावं. हात खाली सरळ लोंबता. आधी दाब, मग उचल. झटका द्यायचा नाही. जमिनीपासून चार बोटं उचलली तरी पुष्कळ झालं, आणि खाली गोणपाट टाक. पाय बादलीच्या बाजूला, बादलीखाली नाही. हे तुला सांगायला नको म्हणा.

दुसऱ्या हाताच्या बोटानं अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं चाचपून बघ. चिमटी दाबली की तिथं टणक गोळा उभा राहतो. तो जागा झाला, की समज योग्य जागी काम चाललंय. दुसऱ्या दिवशी तो गोळा हलका ठणकला तर चालेल. सांधा ठणकला तर चुकतंय.

आठवड्यातून दोनदा, सोमवार-गुरुवार म्हण. आधी हात पाच मिनिटं कोमट पाण्यात. पहिल्या दिवशी असं वजन शोध की पंधरा सेकंद धरता येईल आणि सोडल्यावर वाटेल, अजून चार-पाच सेकंद निघाली असती. ते तुझं सुरुवातीचं वजन. ते कितीही हलकं निघालं तरी वहीत लिही, हसायला तिथं कोणी नाही. त्या वजनानं प्रत्येक हाताला पंधरा-पंधरा सेकंदांचे चार वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. चारही वेळा पंधरा सेकंद पूर्ण भरली की पुढच्या वेळी दोन पेले पाणी वाढव. नाही भरली तर तेच वजन. मन करेल की एकदम दोन लिटर ओतावं, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, कारण तेव्हा ताकद भराभर वाढल्यासारखी वाटते. ती खरी वाढ कमी आणि मेंदूला ते काम करायची सवय होणं जास्त. स्नायू महिन्या-दीड महिन्यात साथ देतात, कंडरा आणि सांध्याचे बंध कित्येक महिने मागं रेंगाळतात. माझा अंगठा याच मधल्या काळात गेला. दर पाचव्या आठवड्याला निम्मं पाणी ओतून टाक आणि हलकं हलकं कर.

दोन इंचांवर जम बसला की महिन्या-दोन महिन्यांनी वीट घे. साधी लाल वीट तीन किलोच्या आसपास, जाडी तीन इंच आणि रुंदी चार-साडेचार. जाडीवरून सहज उचलता येते, रुंदीवरून धरलीस की कळेल पंजा उघडा असताना अंगठा किती लुळा होतो. प्रत्येक रुंदीची ताकद वेगळी कमवावी लागते, दोन इंचांची कमाई चार इंचांवर पूर्ण चालत नाही. वीट खरखरीत असल्यामुळं पकड चांगली बसते, पण कोपरे झडतात, घरात करू नकोस.

किल्ली-पकडीसाठी जुना चामडी पट्टा कापून दुमड, त्याला पाण्याचा कॅन बांध आणि अंगठा व तर्जनीची कड यांच्यात धर. वजन ठोकळ्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, सांध्याला हा प्रकार जास्त जाचतो. आठवड्यातून एकदाच, तेही दोन महिने झाल्यावर.

आणि रोज, न चुकता, उलटा व्यायाम. मेथीच्या जुडीला येतं तसलं रबर पाचही बोटांभोवती घालून पंजा उघडायचा, पंचवीस वेळा. दिवसभर तू नोटा मोजतोस, कॅल्क्युलेटर बडवतोस, रात्री मोबाइलवर अंगठा घासतोस. बंद करायचं काम चोवीस तास आणि उघडायचं कधीच नाही. दोन रबरं लागायला लागली की मला कळव, मला बरं वाटेल.

घरात आणखी एक साधन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. ओली चादर पिळणं. आमची आजी कृष्णेवर गोधड्या धुवायची. दोघी दोन टोकांना उभ्या राहून पीळ द्यायच्या आणि शेवटची धार निघेपर्यंत सोडायच्या नाहीत. लहानपणी मी एकदा दुसरं टोक धरलं होतं, तर गोधडीसकट मीच फिरलो. अंगठ्याचा व्यायाम म्हणून तिनं एक दिवस काही केलं नाही, पण बरणीचं झाकण घट्ट बसलं की घरातले सगळे पुरुष तिच्याकडं यायचे. रविवारी आईच्या हातातून चादरी घे. व्यायाम होईल आणि बादलीच्या पाण्याबद्दलची तक्रारही थोडी नरम पडेल.

थांबायचं कधी, ते नीट वाच. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं झुकवलं आणि अंगठ्याच्या बाजूला कळ गेली, तर तो माझा आजार, तिथंच बंद. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, किंवा अंगठा वाकवल्यावर अडकून टकदिशी सुटत असेल, तर हाडांच्या डॉक्टरकडं जा. मालिशवाल्याकडं नाही.

किती दिवस? तू १२० किलो उचलणारा माणूस आहेस, पाठ-खांदे तयार आहेत, फक्त शेवटची कडी कच्ची आहे. दिवाळीला सुरुवात केलीस तर गुढीपाडव्याच्या सुमाराला २० किलो ठोकळ्यावर यायला हरकत नाही. प्लेटांचं लोखंड निसरडं असतं, त्यांना त्याहून थोडा जास्त वेळ दे. आणि जिममध्ये हलक्या वजनांना तरी पट्टे सोड.

मामांशी बरोबरी करायची घाई करू नकोस. पोत्याचे कान धरून त्यांनी तीस-पस्तीस वर्षं हळदीची आणि गुळाची पोती हलवली असतील. तेवढ्या वर्षांत कुठं धरलं की कमी लागतं हेही हाताला कळतं आणि कातडीही चिवट होते. एकदा चहा पाजून विचार त्यांना, सकाळी उठल्यावर अंगठा मोकळा व्हायला किती वेळ लागतो. उत्तर ऐकून रबराचा व्यायाम चुकवणार नाहीस.

ता. क. – पत्र पाकिटात घालताना एक गोष्ट लक्षात आली. गुळगुळीत बाजू बाहेर, असं तू तुझ्याबद्दल लिहिलंयस. मामांनी कोणती बाजू बाहेर ठेवली होती ते लिहिलेलं नाहीस. अक्षरांच्या बाजूला प्लेटेच्या कडेला जाड काठ असतो. ती बाजू बाहेर आली की बोटांची टोकं काठाखाली अडकतात आणि निम्मं काम तो काठच करतो. टेम्पोतून उतरवलेल्या प्लेटा कोणी मुद्दाम फिरवून धरत नाही. आधी त्यांच्यासारख्या धरून बघ, आणि काय झालं ते कळव.